जलगौरीवरचे दोन व्याही

समुद्र माझ्या घरापासून मेट्रोने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तरी त्याच्या अंगावर झोपायला माझं बासष्टावं वर्ष उजाडावं लागलं, आणि तेही दुसऱ्याच्या तिकिटावर.

तिकिटं माझ्या मुलाची आणि सुनेची होती. केदार आणि प्रज्ञा मुलुंडला राहतात. एका जुन्या शिडाच्या गलबतावरची चार दिवसांची सफर त्यांनी पावसाळ्यातच ठरवून ठेवली होती. वर्सोव्याहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं, हर्णैला उतरायचं. जानेवारी आला आणि प्रज्ञाचा फोन आला. "बाबा, आम्हाला नाही जमत आहे. तुम्ही आणि पप्पा जा ना." पप्पा म्हणजे तिचे वडील, माझे व्याही, तायडेसाहेब. माझ्या बायकोचे गुडघे शिडी चढू देत नाहीत आणि विहीणबाईंना होडीचं नाव काढलं तरी मळमळतं. राहिलो आम्ही दोघे.

व्याह्याबरोबर चार दिवस एकाच बोटीवर, या कल्पनेनेच मला घाम फुटला होता. सहा वर्षांत आम्ही भेटलो ते कोणाच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात. तब्येत कशी, उकाडा किती, संपलं. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पस्तीस वर्षं फिटर होतो. ते विजेच्या कंपनीत खांबावर चढणारे लाइनमन म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. माझे वडील मालवणहून गिरणीत आले, ते मेहकरहून नोकरीला. समुद्र त्यांनी पहिल्यांदा बघितला तो एकविसाव्या वर्षी, चैत्यभूमीवर आल्यावर. "दर्शन घेतलं, मान वर केली, तर मागं हे एवढं पाणी," ते सांगतात. "मी म्हटलं, बाप्पा, हे आवरणार कोण?"

वर्सोवा

तायडेसाहेब घाटकोपरहून पहिल्या मेट्रोत बसून आले, मी मरोळ नाक्याला त्याच डब्यात चढलो. त्यांच्या पायांशी एक सुटकेस आणि मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत ठेचा, ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी.

"बोटीवर जेवण आहे हो," मी म्हटलं.

"असेल ना. पण मासे असतील. काटे काढता काढता माझं जेवण थंड होते."

वर्सोव्याच्या धक्क्यावरून लहान होडीने आम्हाला नेलं. उजाडत होतं. पाणी शिशासारखं करडं होतं आणि त्यावर जलगौरी उभी होती. साठेक फूट लांब, तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली, आणि मधोमध वर जाणारी एकच जाड डोलकाठी. मी आयुष्यभर लोखंडात हात घातलेला माणूस. पण त्या लाकडाला हात लावला तेव्हा वाटलं, जनावराच्या पाठीवर हात ठेवला.

बोट चालवणारे तांडेल हुसेनभाई दाभोळ खाडीकडचे, सत्तरीचे, बारीक अंगाचे. बोटीची मूळ मालकी त्यांच्या आजोबांची. "हिच्या पोटात मंगलोरी कौलं यायची," ते म्हणाले. "तुम्ही दोघं जिथं झोपणार ना, तिथं मीठ असायचं. अजून अंगाला लागेल." बोट पाऊणशे वर्षांची आहे. मधली वीस वर्षं ती चिखलात पडून होती. कोणीतरी तिला उचललं, फळ्या बदलल्या, माल ठेवायच्या जागी दहा माणसांच्या झोपायच्या फळ्या ठोकल्या. इंजिनही बसवलंय, पण हुसेनभाई त्याच्याबद्दल घरात आलेल्या नको त्या पाहुण्यासारखे बोलतात.

बंदराबाहेर आल्यावर ते इंजिन बंद झालं. मग सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा. आम्ही दोघे, पार्ल्याचं एक निवृत्त प्राध्यापक जोडपं, चार-पाच तरुण मंडळी आणि तीन खलाशी. शीड चढलं, एकदा फडफडलं आणि वाऱ्याने भरलं. बोट एका कुशीवर कलली आणि निघाली. आवाज नाही. म्हणजे आवाज होते, फळ्यांचे, दोरांचे, पाण्याचे. पण ज्याला मी आयुष्यभर आवाज म्हणत आलो, तो नव्हता.

डाव्या हाताला मुंबई जात होती. वर्सोवा, जुहू, वांद्रे, पुढे वरळी. धुरकट उजेडात ते टॉवर एकमेकांत मिसळून गेले होते. आपण ज्या शहरात इतकी वर्षं धावलो ते इतकं निमूट असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. तायडेसाहेब कठड्याला धरून उभे होते. दोन्ही हातांनी.

"हे काऊन इतकं हालून राहिलं?"

"समुद्र आहे, साहेब."

"हो ना. पण सारखंच?"

रेवदंडा

पहिला दिवस त्यांनी आडवं पडून काढला. मी त्यांना आलं चघळायला दिलं, डोक्याखाली माझी शाल दिली. संध्याकाळी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी नांगर पडला तेव्हा ते उठून बसले. समोर नारळी-पोफळींची काळी रांग, मागे कोर्लईचा डोंगर, आणि पाणी इतकं संथ की रांग उलटी होऊन खाली लोंबत होती. गावातून धुराचा वास येत होता. पाणी तापवण्याचा धूर. माझ्या आजोळी असाच यायचा.

जेवणाला बोंबील होते, कुरकुरीत तळलेले, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. तायडेसाहेबांनी बोंबील उचलून संशयाने बघितला.

"याला काटा आहे?"

"आहे, पण तो तुम्ही खाऊन टाकता. कळत नाही."

त्यांनी पिशवीतून ठेचा काढला, बोंबलावर बोटाने लावला आणि तोंडात टाकला. मग स्वयंपाक करणाऱ्या तुकारामला हाक मारली, "अजून आहेत का?" तुकारामने स्वतः ठेचा लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसऱ्या दिवशी सुरमईलाच ठेचा चोळला. पार्ल्याच्या मॅडमनी कृती लिहून घेतली.

झोपायला खाली गेलो तर फळीला कान लागला की पाणी ऐकू यायचं, अगदी बोटभर अंतरावर. कोणीतरी भिंतीपलीकडे हळू आवाजात गप्पा मारत बसलंय असं. हुसेनभाईंचं खरं होतं, सकाळी ओठांना मिठाची चव होती.

जंजिऱ्यावरून खाली

दुसऱ्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही, आणि मला ते आवडतं. धुकं होतं. जंजिरा त्या धुक्यात खाली पाया नसल्यासारखा तरंगत आला, तासभर आमच्या शेजारी राहिला आणि पुसला गेला. मी शिडाच्या सावलीत झोपलो. उठलो तेव्हा दुसरं गाव होतं, दुसरी टेकडी, दुसरी शुभ्र मशीद किंवा देऊळ, ओळखू येईपर्यंत तेही मागे गेलं. घड्याळ मी पिशवीत टाकलं. फोनला रेंज नव्हतीच.

"सकाळी वारा जमिनीवरून येतो, दुपारी समुद्रावरून," हुसेनभाई म्हणाले. "मधे तो जेवायला जातो. तेव्हा आपणही जेवायचं."

तायडेसाहेब आता नीट उभे राहू लागले होते. डोलकाठीकडे मात्र ते सारखे बघत. एक खलाशी काठीला ठोकलेल्या खुंट्यांवरून सरसर वर गेला, तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. पावलं मोजत होते.

"पस्तीस फूट तरी असेल," ते म्हणाले. "आम्हाला कमरेला पट्टा असायचा. पावसात खांब घसरडा व्हायचा." मग अचानक थांबले. मला वाटलं, काहीतरी सांगायचं आहे त्यांना. दिवसभर तसं वाटत राहिलं. ते माझ्याजवळ येऊन बसायचे, घसा साफ करायचे आणि समुद्राबद्दल काहीतरी विचारायचे.

बाणकोटच्या समोर

तिसऱ्या दिवशी वारा जेवायला गेला तो परत आलाच नाही.

शीड ओल्या चादरीसारखं लोंबत होतं. समुद्राला सुरकुती नव्हती. किनारा दोन-तीन मैलांवर होता, झोपेत बघावा तसा, बाणकोटची खाडी आणि तिच्यामागे निळसर डोंगर. तरुण मंडळींनी पत्ते काढले. हुसेनभाईंनी शेवटी तोंड वाकडं करून इंजिन लावायला सांगितलं. ते लागलं, दहा मिनिटं चाललं, तापलं आणि खलाशाने घाईने बंद केलं. थंड पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा फाटला होता. नवा पंखा बोटीवर होता, पण पंपाचे स्क्रू गंजून बसले होते आणि त्या खलाशाचा हात आदल्या दिवशी दोराने कापलेला.

"मी बघतो," मी म्हटलं. निवृत्त झाल्यापासून हे वाक्य म्हणायची संधी मला मिळालीच नव्हती.

खाली जागा इतकी कमी की मी पोटावर पडूनच काम करायचं. तायडेसाहेब टॉर्च धरायला आले. डिझेलचा वास, घाम, आणि वरून येणारा पत्ते खेळणाऱ्यांच्या हसण्याचा आवाज. मी स्क्रूवर तेल सोडलं आणि हलके ठोके देऊ लागलो. असल्या कामात घाई केली की डोकं तुटतं. स्क्रूचं.

"परब, हात थांबवू नका," तायडेसाहेब म्हणाले. "तुमचे हात चालू आहेत तोवर मला बोलता येईल."

"बोला ना."

"केदार आणि प्रज्ञा वेगळे होऊन राहिले."

माझे हात थांबले.

"थांबवू नका म्हटलं ना. घटस्फोट घेत आहेत. दोघांच्या मर्जीनं. भांडण नाही, मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. म्हणतात, आम्ही चांगले दोस्त होतो, लग्न केलं आणि ती दोस्तीही घालवून बसलो. पंधरा दिवसांमागं घरी आले होते दोघं. शेजारी बसून सांगितलं. प्रज्ञा रडत होती आणि केदार तिला पाणी देत होता. मला समजेना, मग हे वेगळे काऊन होतात?"

"माझ्याकडे का नाही आले?"

टॉर्चचा उजेड जरा हलला. "केदारला विचारलं मी. तो म्हणाला, पप्पा, तुम्ही सांगा. बाबा म्हणतील, मी म्हटलंच होतं."

मी म्हटलंच होतं. ते इथे लिहिणं मला भाग आहे. केदारने लग्नाचं सांगितलं त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावरून उठून म्हणालो होतो, "सहा महिने टिकणार नाही. त्यांचं वेगळं, आपलं वेगळं." त्यांचं म्हणजे कोणाचं, हे घरात कोणाला विचारावं लागलं नाही. लग्नाला मी उभा राहिलो, फोटोत हसलोही. पण ते वाक्य मी कधी परत घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं, सहा वर्षांत ते आपोआप विरून गेलं असेल. ते मुलाच्या मनात तसंच बसून होतं.

पहिला स्क्रू सुटला. मग दुसरा. मी पंखा बदलला, झाकण बसवलं, सगळे स्क्रू परत आवळले. मग हात धुतले.

वर आलो. अजून वारा नव्हता. इंजिन जरा निवू द्या, असं हुसेनभाई म्हणाले. आम्ही बोटीच्या पुढच्या टोकाला पाय सोडून बसलो. पाण्यात आमची सावली हलत नव्हती. खाली खोल कुठेतरी एक पांढरी जेलीफिश उघडत होती, मिटत होती. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत एखाद्या गोष्टीपासून पळायला जागा नव्हती.

"परब, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"आम्ही पहिल्यांदा तुमच्या घरी आलो, तेव्हा चहा खोक्यातल्या नव्या कपांतून दिला होता. निळ्या फुलांचे कप. पुठ्ठ्याचा वास येत होता त्यांना. पाहुणे म्हणून काढले होते का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी मला तो रस्ता स्वतःच करून दिला होता. पाहुण्यांना सगळेच नवे कप काढतात.

"नाही," मी म्हटलं. "हिने रोजचेच कप मांडले होते. नवे काढ, असं मी सांगितलं."

"आणि नंतर?"

"नंतर ते माळ्यावर टाकले."

त्यांनी मान हलवली. "मला समजलं होतं," ते म्हणाले. "घरी जाताना मी बायकोला म्हटलं, चांगला पाहुणचार केला. ती हो म्हणाली. तिलाही समजलं होतं. दोघं एकमेकांशी खोटं बोललो, पोरीसाठी."

मी माफी मागितली. साध्या शब्दांत मागितली. ते 'जाऊ द्या' म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला हलकं वाटलं असतं, आणि बहुतेक त्यांना ते माहीत होतं. ते उठले आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला, सुकाणूजवळ हुसेनभाईंच्या शेजारी जाऊन बसले.

उन्हं कलताना दूर पाण्यावर एक गडद पट्टा दिसला. हुसेनभाईंनी नुसतं बोट दाखवलं. पट्टा आमच्याकडे सरकत आला, मानेला गारवा लागला, आणि शीड भरलं. मी दुरुस्त केलेलं इंजिन चालू करायची वेळच आली नाही. त्या रात्री तायडेसाहेब तुकारामजवळ जेवले. मी लवकर खाली गेलो. फळीपलीकडे पाणी बोलत होतं, पण आज मला ते ऐकायचं नव्हतं.

हर्णै

शेवटच्या दिवशी सकाळी वारा असा होता की हुसेनभाई पहिल्यांदा हसले. जमिनीवरून येणारा कोरडा, गार वारा. बोट उडत होती. किनाऱ्यावर सुरूची झाडं, पांढरी वाळू, मधेच खडक, मग परत वाळू. डोंगरांमागून सूर्य आला आणि शीड आतून दिवा लावल्यासारखं उजळलं.

तायडेसाहेब हुसेनभाईंशी काहीतरी वाद घालत होते. जवळ गेलो तर कळलं, त्यांना डोलकाठीवर चढायचं होतं.

"वय काय तुमचं?" हुसेनभाई.

"त्रेसष्ट. तीस वर्षं खांबावर काढली. अर्ध्यापर्यंतच जातो. पट्टा द्या."

हुसेनभाईंनी समुद्राकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि खलाशाला पट्टा आणायला सांगितलं. पट्ट्याचा दोर वरच्या कप्पीतून खाली येत होता. तो कोणीतरी धरून, माणूस वर जाईल तसा ओढून घ्यायचा. खलाशी पुढे झाला. तायडेसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं.

"परब, तुम्ही धरा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी दोर कमरेभोवती घेतला, खलाशाने दाखवलं तसे पाय रोवले. तो माझ्या मागेच दोराचं टोक धरून उभा राहिला, पण भार माझ्याकडे होता. तायडेसाहेबांनी चपला काढल्या. पहिली खुंटी, दुसरी, तिसरी. मेट्रोत सुटकेस सांभाळत बसलेला माणूस हा नव्हताच. त्यांची पाठ ताठ होती, हात घाई करत नव्हते, पाय स्वतःच खुंटी शोधत होते. मी दोर ओढत होतो. माझे डोळे त्यांच्या टाचांवर होते, बाकी समुद्र मला दिसत नव्हता. एकदा बोट कलली आणि त्यांचा एक पाय सुटला. माझ्या हातात दोर ताणला गेला. तळव्याची कातडी सोलली. मी सोडला नाही. पाय परत खुंटीवर आला.

अर्ध्यावर ते थांबले. शर्ट वाऱ्याने फुगला होता.

"काय दिसतंय?" पार्ल्याच्या सरांनी ओरडून विचारलं.

"यांचं कोकण सगळं दिसून राहिलं!" वरून आवाज आला. "आमचं मेहकर काही दिसत नाही!"

सगळे हसले. ते बराच वेळ वर राहिले. खाली आले तेव्हा डोळे लाल होते, वाऱ्याने असेल. त्यांनी पट्टा सोडला, माझा हात उलटा करून तळवा बघितला आणि तुकारामला हळद आणायला सांगितली.

दुपारी सुवर्णदुर्ग उजव्या हाताला ठेवून आम्ही हर्णैच्या बंदरात शिरलो. किल्ला पाण्यात बसकण मारून बसलेला, तटावर झाडं वाढलेली. होडीने किनाऱ्यावर उतरलो तर जमीनच हलत होती. मासळीचा लिलाव सुरू व्हायचा होता. टोपल्या येत होत्या, कोळंबी, पापलेट, ढीगच्या ढीग. बायका एकमेकींवर ओरडत होत्या. चार दिवसांच्या शांततेनंतर तो गोंगाट अंगावर आला.

फोनला रेंज आली. मी गर्दीतून बाजूला होऊन एका उलट्या घातलेल्या होडीवर बसलो आणि केदारला फोन लावला.

"बाबा? पोचलात?"

"हर्णैला आहे."

"पप्पांनी..."

"सांगितलं."

मी येताना चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"केदार, त्या दिवशी मी जे म्हटलं ना, ते चूक होतं. तुमचं आयुष्यभर टिकलं असतं तरी चूक होतं. आणि टिकलं नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही. ऐकतोयस?"

"हो."

"तू घरी ये. एकटा ये, दोघं या. प्रज्ञालाही सांग."

"बाबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"इथे लिलाव चाललाय रे," मी म्हटलं. "काही ऐकू येत नाही."

त्या रात्रीची गाडी नव्हती. बंदराच्या वर एका घरात पर्यटकांना खोल्या देतात, तिथे गेलो. पुढच्या ओटीवर एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. दोघेही काळे पडलेले, केस मिठाने ताठ, माझ्या हाताला हळदीचं फडकं.

"एकच खोली आहे. चालंल? नाव, पत्ता लिवा. आणि एकमेकांचे कोण, तेबी लिवा. पोलीस तपासतात."

वही तायडेसाहेबांनी आधी घेतली. नाव लिहिलं, घाटकोपरचा पत्ता लिहिला, आधार कार्डाचा आकडा लिहिला. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. आत कुठेतरी कढईत काहीतरी चुरचुरत होतं. बाई वाट बघत होत्या.

त्यांनी लिहिलं, 'व्याही'. मग वही माझ्याकडे सरकवली.